पाटी सरी

गाडी आली, थांबली, आणि स्टेशनमास्तर सुंदररावांना तिचं शेवटचं टोक दिसलं नाही. झालं ते एवढंच. सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऊन लख्ख होतं, आणि कुंभकोणम स्टेशनच्या फलाटाच्या पश्चिम टोकाला, पाण्याच्या नळाशेजारच्या त्यांच्या ठरलेल्या फरशीवर ते उभे होते. अंगात बंद गळ्याचा पांढरा कोट, डोक्याला जरीकाठाचं पागोटं, बगलेत गुंडाळलेला झेंडा. बारा वर्षांनी येणारं मामांगम होतं. माशी म्हणजे आपल्या माघ महिन्यातल्या त्या एका दिवशी साऱ्या नद्या इथल्या तळ्यात येतात म्हणतात. नद्यांचं कुणी पाहिलंय, पण माणसं मात्र येतात, आणि ती सारी सुंदररावांच्या फलाटावरून जातात. डब्यांतून गाठोडी पडत होती, म्हाताऱ्या उतरत होत्या, कुणी कुणाला हाका मारत होतं. त्या सगळ्यावरून सुंदररावांनी नेहमीप्रमाणं नजर मागं नेली, एकेक डबा ओलांडत, फलाटाच्या उताराच्याही पलीकडं. आणि जिथं पाटी असायला हवी तिथं नुसतं पिवळट धुरकट ऊन होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. ऊन तसंच होतं.

प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला एक लाल पाटी टांगलेली असते. रात्री तिच्या जागी दिवा लावतात. ती पाटी आत आली की गाडी अख्खी आली, वाटेत कडी तुटून एखादा डबा रुळावर मागं राहिला नाही, असं समजायचं. ती पाहिल्याशिवाय मागच्या स्टेशनाला ‘लाइन मोकळी’ अशी तार द्यायची नाही, आणि ती तार मिळाल्याशिवाय तिथली गाडी सुटायची नाही. रूळ एकेरी, त्यामुळं सगळा कारभार या एका पाटीवर. हे तर प्रत्येक स्टेशनावर असतं. पण कुंभकोणमला आणखी एक होतं, आणि ते सुंदररावांनी सुरू केलेलं होतं. इथं पाटी पाहणारा माणूस ती नुसती पाहत नसे, ती पाहिल्याचं सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडून सांगत असे. “पाटी सरी!” सरी म्हणजे तमिळात ठीक, बरोबर. घरात मराठी बोलणाऱ्या आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच तमिळ बोलणाऱ्या माणसाची ती निम्मी-निम्मी आरोळी होती. तारखात्यातला माणूस ती ऐकल्याशिवाय यंत्राला हात लावत नसे. भाजीवाल्या बायकांना ती पाठ होती. नवे साहेब आले की आधी हसत, मग महिन्याभरानं तेही कान देऊन वाट पाहत. मधली सहा वर्षं सुंदररावांची बदली मायावरम जंक्शनला झाली होती. तिथं चारी दिशांच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या येत, तिथंही त्यांनी ही आरोळी चालू केली, आणि म्हणे अजून चालू आहे. हे कुणी सांगितलं की सुंदरराव मिशीतल्या मिशीत हसत आणि “असो, असो” म्हणत. पण घरी जाऊन बायकोला, अंबाबाईंना, सांगायला विसरत नसत.

आरोळी आजोबांची होती, खरं म्हणजे. आजोबा व्यंकोजी तंजावरच्या राजवाड्यात घटिकापात्रावर होते. पाण्यानं भरलेल्या मोठ्या घंगाळात तांब्याची भोकाची वाटी सोडायची, ती भरून बुडली की एक घटका झाली, आणि ती बुडताक्षणी “भरली!” म्हणून ओरडायचं. मग चौकात टोल पडे, राजाची पूजा उठे, हत्ती पाण्याला जात. आजोबा वाटीवरून नजर काढत नसत. माशी बसली तरी हात हलत नसे. मग राजे गेले, मागं मुलगा नाही म्हणून कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं, मोठमोठ्या लोकांना हुकूम गेले, तुम्ही उद्यापासून यायचं नाही. घटिकापात्रावरच्या माणसाला हुकूम द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तर आजोबा तीन दिवस तसेच बसून राहिले, रिकाम्या चौकात, आणि दर घटकेला “भरली!” ओरडत राहिले. टोल द्यायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी कुणीतरी घंगाळ उचलून नेलं तेव्हा उठले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना सुंदररावांना रडू येई. मोठेपणी छाती भरून येऊ लागली. अरे, राज्य गेलं, पण आमच्या घरातल्या माणसानं एक घटका चुकवली नाही! आणि आता गोऱ्यांची का असेना, चाकरी होती तीच. समोरून जाणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायची, आणि ती पुरती झाली की ओरडून सांगायचं. एकतीस वर्षांत न पाहता ते एकदाही ओरडले नव्हते, न पाहता रजिस्टरात ‘पाहिली’ म्हणून त्यांनी सही केली नव्हती. दुसरं काही कमावलं नाही म्हणा, पण एवढं कमावलं होतं.

“रायर,” सेतू म्हणाला. सेतू म्हणजे स्टेशनवरचा जुना हमाल, सुंदररावांच्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. मराठी माणसाला इकडं रायरच म्हणतात. “रायर, ओरडा की. तारबाबू खिडकीतून मान काढून बसलाय.” सुंदरराव म्हणाले, “पाटी कुठाय?” सेतूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग मागं पाहिलं, मग परत त्यांच्याकडं. “म्हणजे? ती काय तिथं. चिंचेच्या सावलीपाशी. केवढी लाल आहे!” तो हात लांब करून दाखवत होता. सुंदररावांनी त्या हाताच्या रोखानं पाहिलं. चिंच दिसली, म्हणजे हिरवं काहीतरी दिसलं. गाडीचे डबे जवळ होते तोवर डबे होते, मग त्यांच्या कडा विरत विरत गेल्या आणि पुढं तेच पिवळट ऊन.

तसं पाहिलं तर गेल्या दिवाळीपासूनच दिव्यांभोवती कडी दिसत होती. तुळशीपुढचं निरांजन फुलासारखं पसरायचं. अंबाबाई एकदा म्हणाल्या होत्या, “डोळां पडदा आला असेल, वैद्याला दाखवा.” तर ते म्हणाले होते, “मज काय झालंय? वात मोठी झालीय, ती सारखी कर.” गेल्या वर्षी रेल्वे कंपनीच्या डॉक्टरनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तेव्हा सुंदररावांनी तो वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला होता. डॉक्टर खूश झाला होता. पण तक्ता तोच होता, तीन वर्षांपूर्वीचाच, त्याच्या आधीचाही तोच, आणि पाठांतर तर या घराण्याचं बाळकडू. त्या दिवशी आपण अक्षरं पाहिली की नुसती म्हटली? हा प्रश्न परतीच्या वाटेवर त्यांच्या मनात आला होता आणि त्यांनी तो बाजूला सारला होता. सारायला अडचण काहीच नव्हती, कारण गाड्या लहान असत. इंजिन फलाटाच्या पुढच्या टोकाला जाई आणि शेवटचा डबा बरोबर नळापाशी येऊन थांबे, नाकासमोर, दहा हातांवर. दहा हातांवरची लाल पाटी आंधळ्यालाही दिसेल! आज मामांगमची गाडी, लांबलचक. गार्डाच्या डब्याच्याही मागं तंजावरला आणखी दोन डबे जोडलेले. फलाटात न मावलेली गाडी पार चिंचेपर्यंत बाहेर राहिलेली. पाटी दहा हातांवरून दोनशे पावलांवर गेली, तेव्हा कळलं.

महालिंग पळत आला. महालिंग म्हणजे त्यांचा असिस्टंट, पस्तिशीचा, सरळ माणूस, पूर्वेच्या फाटकावर गर्दी आवरत होता. त्याच्या मागोमाग घामानं निथळत डिकॉस्टासाहेब, मामांगमपुरता नेमलेला ट्रॅफिक इन्स्पेक्टर. “मिस्टर राव, लाइन क्लिअर का दिली नाही? सुंदरपेरुमाळकोविलला स्पेशल उभी आहे, तिच्यामागं पापनाशमला दुसरी. टपांवर माणसं बसलीत!” सुंदररावांनी सांगितलं, पाटी पाहायची राहिलीय. डिकॉस्टानं वळून पाहिलं. “ती काय समोर! मला इथून दिसते. तुमच्या हमालाला दिसते. आणखी कुणाला विचारायचं, बाजारातल्या म्हशीला?” महालिंगनं पाटीकडं पाहिलं, मग मास्तरांच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि सुंदररावांना कळलं की याला कळलं. त्यानं अगदी हळू, फक्त त्यांनाच ऐकू येईल असं म्हटलं, “आहे, सार. मी सांगतो ना. तुम्ही ओरडा.”

ओरडायला काय लागतं? दोन शब्द. पाटी तिथं होती, तिघांनी सांगितली होती, त्यातला एकही खोटारडा नव्हता. ओरडलं की तार जाईल, तार गेली की गाडी सुटेल, टपांवरची माणसं वेळेवर तळ्यात बुडी मारतील, आणि सही करताना लेखणी नेहमीसारखीच चालेल. पुढच्या तपासणीला तक्ता तोच असणार. मग चार वर्षांनी पेन्शन, हार, भाषणं, एकतीस अधिक चार वर्षं निष्कलंक. आणि नाही ओरडलं तर? मला दिसत नाही, असं एकदा चारचौघांत म्हटलं की त्या क्षणापासून सुंदरराव मास्तर राहत नाहीत. फरशी जाते, झेंडा जातो. घरी बसलेला, मोतीबिंदू झालेला, सुपारी कातरणारा एक रायर उरतो. त्यांनी तोंड उघडलंदेखील. छातीत हवा भरली, नेहमीची, आरोळीच्या आधीची. आणि नेमकी त्याच वेळी त्यांना वाटी आठवली. आजोबा म्हातारे झाल्यावर त्यांना दिसत होतं का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेजारचा सांगत असेल का त्यांना, भरली म्हणून? छे! आजोबा बोट बुडवून पाहत असतील. हो, बोटच बुडवलं असेल त्यांनी. सुंदररावांनी छातीतली हवा तशीच सोडून दिली.

“तार थांबवून ठेव,” ते महालिंगला म्हणाले, आणि चालू लागले. गर्दी फाडत, गाठोड्यांना ठेचकाळत, “रायर, कुठं?” म्हणणाऱ्या सेतूला न जुमानता. फलाटाचा उतार उतरले, खडीवर आले. पायांतल्या जोड्यातून खडी टोचत होती. डब्यांच्या खिडक्यांतून बायका पाहत होत्या, एवढा पागोटेवाला मास्तर उन्हात असा तरातरा कुठं चाललाय म्हणून. श्रीरंगमला बुडी मारून आलेल्या कुणाचं ओलं लुगडं खिडकीबाहेर वाळत होतं, त्याचा पदर त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी तो बाजूला केला. मागं डिकॉस्टा काहीतरी ओरडत होता. मिनिटं जात होती, आणि प्रत्येक मिनिट रजिस्टरात आपल्या नावावर लागणार हे सुंदररावांना ठाऊक होतं. गार्डाचा डबा गेला. त्यामागचा पहिला जादा डबा गेला. दुसऱ्याच्या कोपऱ्याशी ते पोचले, वळले, आणि लाल रंग दिसला. आधी नुसता रंग, मग कडा, मग पाटी. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. उन्हानं तापलेली होती, हाताला चटका बसला. रंगाचे पोपडे लागले, खालचा खिळा लागला. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. वेड्यासारखे ते तिथं उभे राहिले, हात तसाच ठेवून, आणि त्यांना फार बरं वाटलं. का ते विचाराल तर त्यांना सांगता आलं नसतं. मग फलाटाकडं तोंड करून ते सगळा जीव एकवटून ओरडले, “पाटी सरी!” दोनशे पावलांवर तारबाबूनं मान आत घेतली.

अकरा मिनिटं उशीर झाला होता. ऑफिसात परत आले तेव्हा डिकॉस्टा टेबलापाशी उभा होता, चेहरा लाल. “कशासाठी, मिस्टर राव? ती तिथंच होती!” सुंदरराव बसले, कपाळ पुसलं, रजिस्टर ओढलं, आणि आपल्या वळणदार इंग्रजीत लिहिलं की शेवटच्या डब्याची पाटी फलाटावरून मला दिसली नाही, कारण माझी दृष्टी अधू झाली आहे, जवळ जाऊन हातानं खात्री केली, अकरा मिनिटांच्या विलंबाची जबाबदारी माझी. खाली सही केली. अक्षरं पसरट दिसत होती, पण ओळ सरळ आली होती. डिकॉस्टानं खांद्यावरून वाचलं आणि त्याचा आवाजच बदलला. “हे लिहायला नको होतं. मी काही बोललो नसतो.” “तुम्ही नसता बोललात,” सुंदरराव म्हणाले, “तुम्ही भले माणूस आहात.” मग उठून त्यांनी बगलेतला झेंडा काढला, उलगडला, नीट घडी घातली आणि महालिंगच्या हातात दिला. महालिंगचे डोळे भरून आले. “असं काय करतोस?” सुंदरराव रागावले. “पुढची गाडी यायला सात मिनिटं. फलाटाच्या टोकाला उभा राहा, अन् आवाज पोटातून काढ. तुझा आवाज नाकातून येतो.” सेतू दारातच होता. तो म्हणाला, “एवढी वर्षं रायरनं आमचे कान फोडले, आता हा फोडणार.” आणि उपरण्यानं नाक पुसलं. सुंदररावांना वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं, आत कुठंतरी, पुढं बरेच दिवस पुरेल एवढं. पण वरती, तोंडावर, कोटाच्या गुंड्यांपर्यंत, नुसता ताठा भरला होता. सही केली ती खरी होती.

दुपारी ते कधी नव्हे ते घरी जेवायला गेले. पंकजा आली होती. ही त्यांची लेक, मद्रासला दिलेली, मामांगमसाठी दोन मुलांना घेऊन आलेली. सकाळीच तळ्यावर स्नान करून आली होती आणि चारच्या गाडीनं परत जायची होती. नवऱ्याच्या बगलेत झेंडा नाही हे अंबाबाईंनी दारातच पाहिलं, आणि पानात तूप जास्त वाढलं. जेवताना पंकजानं तिची नेहमीची गोष्ट काढली, मुलांना हसवायला. “अरे, माझं लग्न झालं, मी पहिल्यांदा सासरी निघाले, तेव्हा असकी माणसं रडत होती. अम्मा रडती, मावशी रडती. मी खिडकीतून हात काढून ‘अप्पा, अप्पा’ करते, अन् तुमचे आजोबा कोठें पाहतात? शेवटच्या डब्याकडं! मजकडं एकदा पाहिलं नाही. गाडी गेली की ओरडले, पाटी सरी!” मुलं खो खो हसली. सुंदररावही हसले. नऊ वर्षं ते या गोष्टीला हसत आले होते. घरातली लाडकी गोष्ट होती ती, पाहुण्यांना सांगायची. आज त्यांनी उचललेला घास पानात परत ठेवला. गाडी हलली की मान आपोआप मागं वळायची, त्यात त्यांचा काय दोष? पण हात त्यांना दिसला होता. कडेनं दिसला होता, बांगड्यांसकट. पाहिलं नव्हतं इतकंच.

चारच्या गाडीला फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. न्हालेली माणसं परत निघालेली, सगळ्यांच्या कपड्यांना ओला वास. महालिंग फरशीवर उभा होता, झेंडा घेऊन, ताठ. सुंदरराव त्याच्याजवळून गेले आणि थांबले नाहीत. ते खिडक्यांपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते गाडीच्या खिडक्यांच्या बाजूला उभे होते, पोचवायला आलेल्या माणसांच्या गर्दीत, आणि इथं इतका गोंधळ असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. “अप्पा?” पंकजा आतून म्हणाली. “तुम्ही इकडं कसे? झेंडा कोण दाखवतो मग?” “महालिंग.” “अन् पाटी?” “तोच पाहील.” तिनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं उभ्या असलेल्या आईकडं, आणि तिला उमगलं असावं. सुंदररावांनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले आणि चेहरा जवळ नेला. हातभर अंतरावर तिचं तोंड धुरकट होतं. आणखी जवळ नेला. गजांना पागोटं लागलं, ते त्यांनी काढून काखेत मारलं. आता दिसलं. भुवईपाशीचा लहानपणचा व्रण, पाळण्यातून पडली होती त्याचा. नाकातली मोरणी. आणि कानामागं दोन पांढरे केस. एवढ्यात? हे कधी झालं?

“अप्पा, लोक पाहतात. काय पाहता एवढं?” ती हसत होती, पण तिच्या पापण्या ओल्या होत्या. तेही त्यांना दिसलं. ते घाई करत नव्हते. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांनी ती पाहिली, डावीकडून उजवीकडं पाहिली, काही राहिलं नाही अशी खात्री होईपर्यंत पाहिली. इंजिनानं शिट्टी दिली. तेव्हा त्यांनी गज सोडले, एक पाऊल मागं झाले, छातीत हवा भरली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असे ओरडले, “सरी!”

आजूबाजूची माणसं दचकली. तारखात्याच्या खिडकीतून एक मान बाहेर आली आणि गोंधळून परत आत गेली. पंकजा आधी हसायला लागली आणि मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि गाडी हलली. तिचा हात बाहेर आला. सुंदरराव त्या हाताबरोबर चालत राहिले, चार पावलं, दहा पावलं, मग तो हात इतर हातांत मिसळला, आणि मग डबे, आणि मग नुसता सरकता तपकिरी रंग. ते थांबले. मान मागं वळायला निघाली होती, सवयीनं. त्यांनी ती वळू दिली नाही. लेक गेली त्या दिशेला तोंड करून ते उभे राहिले आणि कान लावून वाट पाहू लागले. डबे जात होते, एक, आणखी एक, बराच वेळ, फारच बराच वेळ. मग त्यांच्या पाठीमागून, नळाशेजारच्या फरशीवरून, आवाज आला. पोटातून काढलेला होता.

“पाटी सरी!”

सुंदररावांनी पागोटं डोक्यावर नीट बसवलं. “ऐकलंस?” ते अंबाबाईंना म्हणाले. “माझा माणूस आहे तो.”